फळी कुणाची, पीप कुणाचं

माझ्या छातीवर सतरा नंबर होता आणि दादाच्या छातीवर सोळा. पांढऱ्या कापडावर काळ्या रंगानं काढलेले मोठे आकडे. डोक्यावरून घालायचे आणि कमरेला नाडीनं बांधायचे. पुढचे चार दिवस कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही, असा हुकूम होता. साताऱ्याबाहेरच्या माळावर तंबूंची एक लांब रांग उभी होती, आणि त्या तंबूंत बसून काही साहेबलोक ठरवणार होते की आम्ही कोण आहोत. आम्हाला वीस-बावीस वर्षांत ते नीट ठरवता आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

युद्धाचं पाचवं वर्ष चालू होतं. फौजेला अधिकारी कमी पडत होते, म्हणून निवडीची नवी तऱ्हा निघाली होती. पूर्वी म्हणे एखादा कर्नल पोराच्या बापाचा हुद्दा विचारायचा, पोरगा ताठ उभा राहतो का बघायचा आणि काम उरकायचा. आता निवडमंडळात एक मानसशास्त्रज्ञ बसवला होता. आमच्या गावात त्याचं नाव ‘मनाचा डाक्टर’ पडलं होतं, आणि तो डोळ्यांत बघून पोटातलं सांगतो अशी बातमी होती. अशी मंडळं एरवी फार लांब बसत. त्या हिवाळ्यात एक आमच्या जिल्ह्यात आलं, आणि आमच्या घरातनं एकदम आम्ही दोघं तिथं जाऊन उभे राहिलो.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून दीड वर्षानं मोठा. त्याचे वडील, आमचे आबा, पहिल्या महायुद्धातून सुभेदार होऊन परतलेले. माझे वडील मी चार वर्षांचा असतानाच गेले, तेव्हापासून मला आबांनीच वाढवलं. आमचं गाव पलूसच्या अलीकडं, ऊस आणि फौज या दोहोंवर जगणारं. दादा मॅट्रिक होऊन शेतीला लागला होता. मी सांगलीला राहून कॉलेजचं इंटर झालो होतो आणि त्याचा मला ताठा होता. तो मी कुणाला दाखवत नसे, पण होता.

आमच्या घरात एक रीत होती, ती इथं सांगितलीच पाहिजे. धाकट्यानं थोरल्यासमोर आपलं मत मांडायचं नाही. काही सुचलंच तर ते आधी थोरल्याच्या कानावर घालायचं. त्याला पटलं तर तो ते चारचौघांत बोलणार, आणि बोलला की ते त्याचं झालं. उसाच्या पाण्याचा पाट वरच्या अंगानं फिरवावा हे मला सुचलं होतं. मी ते दादाला सांगितलं, दादानं आबांना सांगितलं, आणि आबांनी ते गावात असं सांगितलं की जणू फौजेतून येतानाच ते घेऊन आले होते. यात कुणाला चोरी वाटत नसे. मलाही तोवर वाटली नव्हती.

निघायच्या दिवशी मी आबांच्या पाया पडलो तेव्हा ते म्हणाले, “दोघं जावा, दोघं लढा. पर दादाच्या म्होरं तोंड घालू नगंस. थोरला हाय त्यो.”

“व्हय आबा,” मी म्हणालो.

म्हणालो खरा, पण मला ती जागा हवी होती. दादाहून जास्त हवी होती. घरात मी कायम दुसरा. दुसरं ताट, दुसरी हाक, दुसऱ्याचा सदरा. एकदा खांद्यावर अधिकाऱ्याचं ते पितळी फूल लागलं की माझ्यापुढं कुणी थोरला राहणार नाही, असं मला वाटायचं. हे मी आज इतक्या उघडपणे लिहितो आहे, पण त्या वेळी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

आमच्या गटात आठ जण. त्यातला एक पूर्वी एकदा दुसऱ्या मंडळापुढं जाऊन नापास होऊन आला होता, त्यामुळे तो आमच्यात जाणता. पहिल्याच संध्याकाळी चहाच्या मगात फुंकर घालत त्यानं सांगून टाकलं, “आठांत दोन घेतात, फार तर. आणि एका घरातले दोघं तर कधीच घेत नाहीत.” दादानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला लांबलचक तंबूत टेबलांवर बसवलं. समोर मनाचा डाक्टर. मी कुणीतरी गोरा, चष्मेवाला, दाढीवाला अपेक्षिला होता. हा मद्रासकडचा, किडकिडीत, कॅप्टनच्या वर्दीत, आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढं वाकावं लागे. त्यानं सांगितलं की फळ्यावर एकेक इंग्रजी शब्द लावला जाईल, तो बघून मनात जे पहिलं येईल ते एका वाक्यात लिहायचं. वेळ इतका थोडा की विचार करायला गेलात तर पुढचा शब्द येऊन उभा. आई. भीती. चूक. काळोख. भाऊ. आबांनी आम्हाला घोकून घेतलं होतं की काहीही विचारलं तरी शौर्याचं उत्तर द्यायचं. दहाएक शब्दांपर्यंत मी शूर राहिलो. मग हात भरून आला, आणि पेन्सिल आपोआप काय लिहीत होती ते माझं मलाच कळेना. ‘भाऊ’ या शब्दापुढं मी लिहिलं, ‘भावाचं ऐकावं लागतं.’ खोडायला गेलो तर शब्द बदललेला.

मग चित्रं दाखवली. धूसर, मुद्दाम अर्धवट काढलेली. दारात एक माणूस उभा, दुसरा मान खाली घालून बसलेला. हे कोण, आधी काय झालं, पुढं काय होईल, याची गोष्ट लिहा. मला भाषेचा नाद होता, मी भराभर लिहीत गेलो आणि मनात म्हटलं, इथं दादा माझ्या मागं पडला. एक चित्र तर नुसता शाईचा डाग होता. बाहेर आल्यावर मी दादाला विचारलं, तुला काय दिसलं? तो म्हणाला, “म्हस. पान्यात बसल्याली.” मी त्याला खूप हसलो. मी तिथं दोन सरदारांची मसलत लिहून आलो होतो.

शेवटी स्वतःविषयी लिहायचं होतं. तुमचा मित्र तुमच्याविषयी काय म्हणेल, आणि ज्याला तुम्ही आवडत नाही तो काय म्हणेल. मित्राचं मी पान भरून लिहिलं. दुसऱ्याचं दोन ओळींत आटपलं. न आवडणाऱ्यानं बोलावं असं माझ्यात काही असेल, हे मला खरंच सुचलं नाही.

दुपारी मैदानावरची कामं. माळावर चुन्याच्या रेघा मारून नदी केली होती. रेघांच्या आत पाय पडला की माणूस बुडाला. मधे दोन ठिकाणी दगडी ओटे, त्यांवर उभं राहता येई. दारूगोळ्याची म्हणून एक जड पेटी पलीकडं न्यायची. हाताशी एक फळी, एक दोर आणि एक रिकामं लोखंडी पीप. नायक कुणी नाही. आठांनी आपसांत ठरवायचं. एका बाजूला हुद्देदार अधिकारी छडी घेऊन उभा आणि त्याच्यामागं घडीच्या खुर्चीवर मनाचा डाक्टर, मांडीवर वही.

फळी ओट्यापर्यंत पोचत नव्हती. हातभर कमी. सगळे एकदम बोलू लागले. मला उत्तर दिसलं होतं. शेताच्या रुंद पाटावर आम्ही करायचो तेच. फळीच्या अलीकडच्या टोकावर दोन वजनदार माणसं बसवायची आणि तिचं दुसरं टोक मोकळं पाण्यावर सोडायचं, की हलका माणूस त्यावरून जाऊन उडी घेतो. माझ्या तोंडाशी शब्द आले. आणि मी काय केलं? दोन पावलं सरकून दादाच्या कानाशी लागलो.

दादानं तोडक्यामोडक्या इंग्रजीत ते सगळ्यांना सांगितलं. त्याचा आवाज मोठा, उसाच्या फडात कमावलेला. बाकीचे सहा जण गप्प झाले आणि कामाला लागले. हलका म्हणून अकरा नंबरला पुढं धाडलं, तो पोचला, त्याच्या मागं दोर, दोरावरून पेटी. छडीवाला अधिकारीसुद्धा मान हलवू लागला.

दुसऱ्या ओट्याला ही युक्ती चालत नव्हती, कारण पहिल्या ओट्यावर दोघांना बसायला जागाच नव्हती. पुन्हा मला सुचलं. पीप मधे उभं करायचं, दोरानं ओट्याला बांधायचं आणि त्याच्या डोक्यावर फळी टेकवायची. पुन्हा मी कानाशी लागलो. दादा क्षणभर थांबला. “हालंल त्ये,” तो पुटपुटला. मी म्हणालो, “न्हाई हालत. मी सांगतो न्हवं.” दोर कसा बांधायचा तेही मीच सांगितलं. अकरा नंबरनं फळीवर पाय ठेवला, पीप कलंडलं आणि तो पोरगा पायावर पडला. घोटा धरून तो जे ओरडला ते आम्ही सगळे उभ्या जागी ऐकत राहिलो.

“ही कल्पना कुणाची?” छडीवाला अधिकारी गरजला.

अधिकाऱ्याची नजर एकेका नंबरावरून फिरत होती. ती माझ्यावर यायच्या आधीच दादा एक पाऊल पुढं आला. “माझी, सर.”

मी गप्प होतो. मला वाटलं, रीतच आहे ही. बोलला तो, म्हणजे त्याची. डाक्टरनं वहीत काहीतरी लिहिलं, आणि लिहिताना तो दादाकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता.

तिसऱ्या दिवशी एकेकट्याला डाक्टरपुढं जायचं होतं. सोळा आधी, मग सतरा. दादा अर्धा तास आत होता. मी बाहेर बाकावर बसून बुटाच्या टाचेनं जमीन उकरत होतो. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा घामानं डबडबला होता, पण बोलायला बंदी होती. तो माझ्याकडं बघून मान हलवून पुढं गेला. त्या मान हलवण्याचा अर्थ मी आजवर शेकडो प्रकारे लावला आहे.

आत टेबलावर माझे सगळे कागद पसरलेले. डाक्टरनं बसायला सांगितलं. घरची विचारपूस केली. वडील कधी गेले, घरात निर्णय कोण घेतं, मला राग कशाचा येतो. मी तयारीनं आलो होतो, उत्तरं सरळ दिली. मग त्यानं माझ्या गोष्टींचे कागद पुढं ओढले.

“तुमच्या चित्रांच्या सगळ्या गोष्टींत दोन माणसं आहेत,” तो त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला. “चित्रात एकच असला तरी तुम्ही दुसरा आणला आहे. एक काम करतो. दुसरा त्याला काय करायचं ते सांगतो. काम करणाऱ्याला तुम्ही नाव दिलं आहे. सांगणाऱ्याला एकाही गोष्टीत नाव नाही.”

मी कागदांकडं बघितलं. खरं होतं. लिहिताना मला त्याचा पत्ताच नव्हता. अंगावरचा सदरा कुणीतरी भर बाजारात उतरवावा तसं मला झालं.

“काल मैदानात पहिल्या ओट्यावरची फळी,” तो म्हणाला, “ती कल्पना कोणाची होती?”

बाहेर कुणीतरी तंबूची मेख ठोकत होतं, तिच्यावरचे घाव मी मोजले. सात. खरं बोललो तर दादा संपला. त्याचं इंग्रजी लंगडं, लेखी परीक्षेत म्हैस, उरली होती ती ही एकच गोष्ट. ती काढून घेतली की त्याच्याकडं काही नाही. आणि खोटं बोललो तर मी संपलो. आठांत दोन, एका घरातले दोघं कधीच नाहीत. आबांचे शब्द कानात होते. माझ्या आत एक जण ओरडत होता की ती माझी आहे, माझी, सांग त्याला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

“सोळा नंबरची, सर.”

“आणि पीप?”

तिथं मी थांबलोच नाही. “तीही त्याचीच, सर.”

त्यानं पेन्सिल उचलली, एक लहानशी ओळ लिहिली आणि म्हणाला, “तुम्ही जाऊ शकता.”

मी बाहेर आलो तो छाती भरून. हरलो होतो, पण असा हरलो होतो की जिंकणाऱ्यानं माझ्या पाया पडावं. दादा लांब एका झाडाखाली उभा होता. त्याच्याकडं बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याच्यासाठी आहे अशी माझी खात्री होती.

चौथ्या दिवशी रांगेत उभं करून निकाल सांगितला. बारा नंबर. सोळा नंबर. बाकीच्यांनी नंबर काढून द्यावेत. नाडीची गाठ माझ्या हातून सुटेना, ती दादानं सोडली.

गावात आबांनी साखर वाटली. मला म्हणाले, “तू बी चांगला लढलास,” आणि दादाची गोष्ट दहाव्यांदा ऐकायला बसले. दादा ट्रेनिंगला गेला. मी सांगलीला एका शाळेत मास्तर झालो. पोरांना निबंध शिकवताना, जेवताना, कृष्णेच्या घाटावर बसलेला असताना, मला एकच समाधान होतं, की ती जागा मी दिली. कुणाला सांगितलं नाही, पण मनात ते इतक्या वेळा उच्चारलं की गुळगुळीत झालं. आणि खरं सांगायचं तर मी दादाची वाट बघत होतो. कधीतरी त्याच्या लक्षात येईल, तो काहीतरी बोलेल. त्याची पत्रं यायची. त्यात थंडी, परेड, मेसमधलं बेचव जेवण असायचं. माझ्या त्यागाचा एक शब्द नाही. मग मला राग येऊ लागला.

पुढच्या हिवाळ्यात तो रजेवर आला. ब्रह्मदेशात जायच्या आधीची रजा होती. आमचं गुऱ्हाळ चालू होतं. दुपारची वेळ, काहिलीतला रस उकळत होता, आबा पलीकडं गुळव्याशी बोलत उभे होते. दादा वर्दीतच आला होता, लोकांना दाखवायला आबांनी ती काढूच दिली नव्हती. तो माझ्याजवळ उसाच्या मोळीवर येऊन बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “तुला एक इचारायचं हाय. माज्या पलटनीत एक पोरगा हाय. नेम लय चांगला. पर हुकूम दिला की हात कापत्यात त्याचं. मी काय करावं, सांग की.”

एवढंच. पण माझ्या डोक्यात आगडोंब उसळला. वर्षभर दाबलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं.

“अजून मीच सांगू?” मी म्हणालो. “खांद्यावर फूल तुज्या, आन् अक्कल माजी?”

तो मोळीवरच माझ्याकडं वळून बसला.

“ती फळी माजी हुती, दादा. तुला बी ठावं हाय. त्या डाक्टरनं मला तोंडावर इचारलं हुतं. मी खोटं बोललो. तुजी हाय म्हनून सांगितलं. म्हनून तू हितं असा बसलायस. ती जागा मी दिलीया तुला.”

बोलून झालं आणि मला हलकं वाटलं. लाजही वाटली, पण हलकं जास्त. आता तो काय म्हणतो याची मी वाट बघत होतो. मान खाली घालील, किंवा उठून जाईल.

दादानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“मला बी इचारलं हुतं की,” तो म्हणाला. “तुज्या आदी.”

“काय?”

“फळी कुनाची म्हनून. मी सांगितलं, सतरा नंबरची. माजा भाऊ हाय त्यो, त्याला लय सुचतं, पर त्यो माज्याम्होरं बोलायचा न्हाई, आमच्यात तशी रीत हाय. त्याला घ्या म्हनलं. साहेब हसला नुसता. काय लिवलं त्ये मला दिसलं न्हाई.”

काहिलीखालचा जाळ कुणीतरी सारला. धूर आमच्याकडं वळला, दादानं डोळे पुसले.

“मग तू मला आजवर सांगितलं का न्हाईस?” मी विचारलं.

“काय सांगायचं? तू भाईर आलास तवा लय खुशीत हुतास गड्या. मला वाटलं, तुजं बी चांगलं झालं.”

मग मी एक प्रश्न विचारला. तो विचारायला नको होता, पण माझ्या तोंडून गेला. “आन् पीप? पिपाचं काय सांगितलंस?”

“पिपाचं माजं म्हनलं.”

“का? त्ये बी माजंच हुतं.”

“त्या अकरा नंबरचा पाय मुरगाळला हुता. तुज्या नावावर त्ये कशाला घालायचं?” दादा म्हणाला. आणि मग अगदी सहज, मनात काही न ठेवता, जसं त्यानं त्या पलटनीतल्या पोराविषयी विचारलं होतं तसं त्यानं मला विचारलं, “तू काय सांगितलंस पिपाचं?”

मला लख्ख आठवत होतं. फळीच्या वेळी मी घाव मोजले होते. पिपाचा दोष दादावर टाकताना एका श्वासाइतकंही थांबलो नव्हतो. डाक्टरला जे हवं होतं ते त्याला तिथं मिळालं होतं, आणि मला ते कळायला वर्ष लागलं होतं.

“तुजं म्हनून सांगितलं,” मी म्हणालो.

दादानं क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग मान डोलावली, टोपी परत डोक्यावर ठेवली आणि उठला.

“मग बराबर हाय की,” तो म्हणाला. “दोघांनी एकच सांगितलं.”

आणि तो आबांना रस किती आला ते विचारायला काहिलीकडं गेला.